अळणी

६ एप्रिल, रविवार

पोचलो एकदाचे. नांदेडहून निघताना बाबांनी सात पिशव्या घेतल्या होत्या आणि सोलापूरच्या स्टेशनवर उतरल्यावर त्या तीनदा मोजल्या. एसटीत तीस वर्षं कंडक्टरकी केलेला माणूस, मोजल्याशिवाय चैन पडत नाही. रिक्षावाल्याला मी पत्ता वाचून दाखवला तर त्याला काही उमगेना. रेल्वे लाइनीमागचा साहेबाचा बंगला म्हटल्यावर मात्र हसला. "मिठाचा बंगला म्हना की!" पूर्वी तिथे मिठाचं गोदाम असणार, असा मी तर्क केला आणि तो बाबांना पटला.

बंगला कसला, चार दगडी खोल्या आणि पत्र्याचा व्हरांडा. पुढच्या दोन खोल्यांत काचेच्या बरण्या, मागच्या दोन आम्हाला. सहा वर्षं तासिका तत्त्वावर प्राणिशास्त्र शिकवलं, आता इथल्या एका संस्थेने हा जुना संग्रह नोंदवायला मला तीन महिन्यांसाठी घेतलंय. काम नीट झालं तर कायम करू म्हणालेत. आई गेल्यापासून बाबा एकटे, म्हणून त्यांनाही आणलं. एकाहत्तरीचा माणूस, नव्या गावात कसा रमेल याची मला धास्ती होती. त्यांनी व्हरांड्यात खुर्ची टाकली, कडक भाकरी मोडून शेंगाच्या चटणीशी खाल्ली आणि जाहीर केलं की आता आपण इथून हलत नाही. कित्येक महिन्यांत मला इतकं हलकं वाटलं नव्हतं.

८ एप्रिल, मंगळवार

बरण्या तीनशे बारा. तारामासे, समुद्री काकड्या, पोवळी, गोगलगायी, आणि काही अशा वस्तू की ज्यांना पुढची बाजू कोणती हेच कळत नाही.

साहेबाचं नाव एडमंड थॉर्लबी. १८६३ साली डॉक्टर म्हणून हिंदुस्थानात आला आणि रोगी सोडून समुद्राच्या नादाला लागला. वेंगुर्ला, मालवण, देवगड. ओहोटीला गुडघाभर चिखलात उभा राहायचा, कोळ्यांच्या होडीतून तळ खरवडून आणायचा. प्रत्येक बरणीत पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी: कुठे सापडलं, केव्हा, किती खोल. दीडशे वर्षं स्पिरिटमध्ये बुडूनही अक्षर जसंच्या तसं. इतका टापटिपीचा नवरा मिळाला असता तर मी लग्न केलं असतं, असं बाबांना म्हटलं. तो गोरा आहे आणि मेलेला आहे, या दोन अडचणी त्यांनी दाखवल्या.

एक गोष्ट मात्र कळत नाही. समुद्रावर जीव टाकणारा हा माणूस १८७४ साली अचानक रेल्वेतली डॉक्टरकी पत्करून सोलापुरात का आला? इथे ओढ्याला पाणी नाही, समुद्र कुठला! त्याच्या अकरा वह्या आहेत, त्यांत असेलच. पण मी एकेक वही क्रमाने वाचणार. क्रम मोडला की नोंदी चुकतात.

१२ एप्रिल, शनिवार

आज गंमत पाहिली. इथले जुने राखणदार महादेवप्पा. मूळचे मैंदर्गीचे, वय पंचाहत्तर तरी असेल. मागच्या बोळीत मोरीला लागून एक दगडी हौद आहे, माणूस आत बसेल एवढा, वर लाकडी झाकण. काठावर पांढरी खपली चढलेली. महादेवप्पांनी आंघोळ करून, हळदकुंकू वाहून, उदबत्ती लावून, पायलीभर खडेमीठ त्या हौदात सोडलं आणि कानडीत काहीतरी पुटपुटले.

कुठल्या देवाचं, असं मी विचारलं.

"द्येवाचं न्हाय, साहेबाचं हाय. साहेबानं माझ्या पणज्याला सांगिटलं व्हतं. पुनवंला आन अमुशाला, चुकवायचं न्हाय."

आमच्या घरात नारळसुद्धा फक्त चटणीसाठी फुटतो, त्यामुळे मला हसू आवरेना. बाबांनी डोळे वटारले, म्हणून गप्प बसले. झाकण उचलून आत डोकावले. पाणी हिरवट, पण एका गोष्टीचं नवल वाटलं. इतकं साठलेलं पाणी आणि त्यात डासाची एक अळीसुद्धा नाही.

१५ एप्रिल, मंगळवार

काल जयंती. बाबा पांढरा शर्ट घालून मिरवणुकीला गेले आणि घसा बसवून आले. नव्या गावात दुसऱ्याच आठवड्यात चार मित्र!

आज महादेवप्पा कायमचे मैंदर्गीला मुलाकडे गेले. किल्ल्या दिल्या, कुठलं कुलूप अडतं ते सांगितलं आणि जाता जाता माझे दोन्ही हात धरले. "मॅडम, बाकी समदं इसरा. उप्पु तेवडं इसरू नका." उप्पु म्हणजे मीठ. मी हो म्हणाले. खरं सांगायचं तर तेव्हाच माझं ठरलं होतं.

१८ एप्रिल, शुक्रवार

इथे नळाला पाणी पाचव्या दिवशी येतं. सगळं सोलापूर पिंप भरून ठेवतं आणि आमच्याकडे सहाशे लिटरचा हौद भाबड्या समजुतीपायी खारा करून ठेवलेला! आज दोन माणसं बोलावली आणि उपसला. बाबा कुणाला एकटं काम करू देतील तर शपथ. पँट गुडघ्यापर्यंत दुमडून अनवाणी हौदात उतरले.

तळाशी एक पापुद्रा निघाला. कांद्याचा असतो तसा पातळ, आरपार दिसणारा, पण चादरीएवढा. शेवाळाचा थर असावा. फाटता फाटेना. शेवटी खराट्याने ओढून मोरीत लोटला. सगळा गेला का, असं मी विचारलं, तर एक जण गेला म्हणाला, दुसरा म्हणाला अर्धा बाबांच्या पायाला चिकटला होता, त्यांनी धुऊन टाकला. दगड घासून लख्ख केले. संध्याकाळी नळ आला, हौद गोड्या पाण्याने भरला. मी स्वतःवर जाम खूश आहे.

२२ एप्रिल, मंगळवार

चटणी बिघडली. मीठच लागत नाही. वरून घातलं तरी अळणी. शेवटी मिठाच्या बरणीतली चिमूट जिभेवर ठेवली. वाळू. नुसती वाळू. दुकानदाराने भेसळीचं मीठ दिलं म्हणून त्याला झापलं, नवा पुडा आणला.

चाळीसच्या वर पारा आहे. इथे प्रत्येकाच्या शर्टाला पाठीवर घामाच्या पांढऱ्या रेघा उठतात. बाबांच्या शर्टाला उठत नाहीत. धुवायला सोपं.

२३ एप्रिल, बुधवार

नवा पुडाही वाळू. पिशवी फोडली तेव्हा खारट होता, मी चाखून पाहिला होता.

२७ एप्रिल, रविवार

महादेवप्पांचा फोन आला. आज अमावस्या, मीठ टाकलं का? मी टाकलं म्हणाले.  त्यांनी विचारलं, वडील बरे हायेत न्हवं? आजवर त्यांनी बाबांची चौकशी कधी केली नव्हती.

थाप मारल्याची लाज वाटली. पण म्हाताऱ्याचं मन कशाला दुखवायचं?

बाबा दिवसभर झोपून असतात. ऊन बाधलं असेल.

१ मे, गुरुवार

दुपारी बाबांनी मला तिकीट कुठलं पाहिजे म्हणून विचारलं. मला वाटलं थट्टा करताहेत. मीही नांदेड एक फुल्ल म्हणाले. ते गंभीरपणे खिसे चाचपत राहिले. मग थांबे सांगायला लागले. तीस वर्षं तोंडपाठ असलेले थांबे, पण उलटसुलट, आणि मधेच अडले. रडवेले झाले. मी त्यांचं डोकं मांडीवर घेतलं. मला भीती वाटते आहे, असं इथे लिहून ठेवते.

४ मे, रविवार

बाबांना दवाखान्यात ठेवलंय. डॉक्टर रुक्साना म्हणून आहेत, फार मायेने बोलतात. सोडियम एकशे एकोणीस, हवं एकशे पस्तीसच्या वर. म्हणजे अंगातलं मीठ उतरलंय. उन्हाळा, घाम, त्यात बीपीची गोळी. दर मे महिन्यात असे पंधरावीस चाचा-चाची येतात, सलाइन लावलं की उठून बसतात, घाबरायचं नाही.

रात्री एकशे अठ्ठावीस झालं. बाबांनी मला नावाने हाक मारली.

५ मे, सोमवार

सकाळी एकशे सोळा. रात्रभर सलाइन चालू असताना. डॉक्टर रुक्साना रिपोर्ट दोनदा बघून पुन्हा रक्त काढायला सांगून गेल्या. पुन्हा एकशे सोळा.

अंगातलं मीठ. अळणी चटणी. वाळू. मी घरी जाते आहे. क्रम मोडायचा आहे.

६ मे, मंगळवार

अकरावी वही. पत्र्याच्या डब्यात होती. जे कळलं ते लिहून काढते, म्हणजे डोकं ताळ्यावर राहील.

१८७३ साली देवगडला ओहोटीच्या वेळी त्याला एक प्राणी सापडला. कांद्याच्या सालीसारखा पातळ, तोंड नाही, डोळा नाही. त्याने लिहिलंय की हा सबंध प्राणी म्हणजे एक पोट आहे आणि त्याला फक्त मीठ लागतं; खाल्लं की मागे वाळू उरते. स्पिरिटमध्ये घातला, मेला नाही. सात महिने वाळवला, पाणी लागताच हलला. गोड्या पाण्यात ठेवला तर मरत नाही, निघून जातो. जिथे मीठ असेल तिथे. आणि माणूस म्हणजे खाऱ्या पाण्याची पखाल.

समुद्रात परत सोडायचं त्याला धाडस झालं नाही. तिथे तो किती वाढेल याचा हिशेब त्याने केला होता. म्हणून तो समुद्रापासून जितकं दूर जाता येईल तितकं दूर आला. इथे. हौद बांधला, मिठाचं माप ठरवलं, नोकराला शिकवलं.

महादेवप्पांच्या पणज्याने त्यात हळदकुंकू घातलं. बाकी सगळं प्रयोगशाळेचं काम होतं. दीडशे वर्षं त्या घराने ते बिनचूक केलं आणि मी, एमएस्सी, पहिल्याच महिन्यात—

८ मे, गुरुवार

बाबांच्या हातावर पाहिला. दुपारच्या उन्हात, तिरकं बघितलं की चकाकतो. मनगटापासून खांद्यापर्यंत. नर्सला वाटलं चिकटपट्टीचा डिंक. तिने स्पिरिटने पुसला. तो नुसता आक्रसला आणि पुन्हा पसरला.

आज एकशे चौदा.

डॉक्टर रुक्सानांना वही दाखवली. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि मला काही खाल्लंय का असं विचारलं.

१० मे, शनिवार

बाबा तासभर शुद्धीवर होते. मी सगळं सांगून टाकलं. मला वाटलं हसतील. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"पोरी, तू कुंकू बघितलंस. मीठ बघितलं नाहीस. तपासल्याशिवाय हो म्हणू नये हे मी तुला शिकवलं. नाहीही म्हणू नये, हे शिकवायचं राहिलं."

मग म्हणाले, माझं वय झालंय, तू नांदेडला जा. आणि लगेच पुन्हा तिकीट कुठलं म्हणून विचारायला लागले.

मी जाणार नाही. हे माझं पाप आहे.

११ मे, रविवार

बाबांना झटके आले. एकशे अकरा. डॉक्टर रुक्सानांनी आज घाबरू नका असं म्हटलं नाही.

महादेवप्पांना फोन करून खरं सांगितलं. म्हातारा फोनवर रडला. त्यांच्या आज्याने सांगितलेलं त्यांना आठवत होतं: साहेब रोज त्या हौदात गळ्यापर्यंत बसायचा. अकरा वर्षं. त्यातच गेला.

आता वहीतलं शेवटचं पान कळलं. तो प्राणी आधी साहेबाच्या बायकोला धरून होता. उन्हाळ्यात ती असंबद्ध बोलायला लागली. एकदा ऊबदार अंग मिळालं की तो ते सोडून गार पाण्यात उतरत नाही. फक्त एका अंगावरून दुसऱ्या अंगावर येतो, जिथे मीठ जास्त असेल तिकडे. साहेबाने तळहाताला मीठ चोळून तिचा हात धरला. आला. पण उशीर झाला होता, ती वाचली नाही. त्यानंतर साहेब खाऱ्या पाण्यात बसून राहिला, म्हणजे प्राण्याला भोवतालचं मीठ मिळावं आणि त्याने आतलं घेऊ नये. साहेब मेला, अंग निवलं, तो त्याच पाण्यात राहिला.

मला उशीर करायचा नाही. चौतीस वर्षांची आहे, माझं सोडियम एकशे चाळीस.

१२ मे, सोमवार

बुद्धपौर्णिमा. खडेमिठाची पंचवीस किलोची गोणी आणून हौदात रिकामी केली. हौदात पाणी घोट्याएवढंच आहे, पण उद्या सकाळी नळाची पाळी. एका दिवसाचा प्रश्न.

दुपारी दवाखान्यात तळहाताला मीठ चोळून बाबांचा हात धरला. वीस मिनिटं काही नाही. मग गार वाटलं. मनगटाशी. कोपराशी. ओला सदरा अंगात चढवावा तसं.

बाबांनी डोळे उघडले. प्रतीक्षा, तुझा हात केवढा गार, असं म्हणाले.

घरी आले. गेटला आतून कुलूप घातलं. दारावर खडूने लिहिलं: मला कुणी हात लावू नये.

१३ मे, मंगळवार. सकाळ

नळ आला नाही. जलवाहिनी फुटली, उद्या येईल म्हणतात. घोटाभर पाण्यात मीठ कालवून पाय बुडवून बसले. थोडं बरं वाटतं. मोबाइलची बॅटरी उतरतेय, चार्जर दवाखान्यात राहिला.

दुपार

पाणी वाळू झालं. म्हणजे मीठ वाळू झालं. गोणी सगळी. विसरले, अजून पाणी कुठे घातलंय—

पाण्याचे जार मागवता येतात. वीसतीस मागवायचे. दुकानातून मीठही. फोन हातात घेतला. कुणाला करायचा होता?

डोकं दुखतं.

संध्याकाळ

एका बाईचा फोन. माशाअल्ला, एकशे छत्तीस, म्हणाली. चाचा उठून बसलेत, चहा मागताहेत, उद्या घरी सोडू. मी विचारलं कसले एकशे छत्तीस.  मग मला आठवलं. बाबा. बाबा वाचले!

खूप रडले. गालावरून ओघळलेलं जिभेवर आलं. अळणी.

लिहून ठेवते म्हणजे विसरणार नाही: बाबांना इथे येऊ द्यायचं नाही. बाबांना हात लावायचा नाही. नळ आला की हौद भरायचा. मीठ आणायचं. आत बसायचं.

१४ मे

मोरीत पाणी. केव्हापासून वाहतंय. आवाज. बोट घालून चाखलं. गोडं. घाण वाटते. तोटी बंद केली.

वर काहीतरी लिहिलंय. अक्षर माझंच. बाबा म्हणजे—

पुढच्या खोलीत बरण्या. मोजल्या. तीन. तीन. सात.

तोंड कोरडं. भिंत चाटली. वाळू.

गेटशी रिक्षा. एक म्हातारा. पांढरा शर्ट. प्रतीक्षा, प्रतीक्षा म्हणून ओरडतोय. ती कोण? इथे कुणी नाही.

गजातून हात आत घातलाय. ऊन आहे. पाठीवर शर्टाला पांढऱ्या रेघा.

पांढऱ्या.

रडतोय. पोरी म्हणतो. गालावरून पाणी, हनुवटीपर्यंत. इथून वास येतो. खारट असेल. किती दिवस—

किल्ली सापडली. एकदाच, जिभेला नुसतं—

हात पुढे केलाय त्याने. मी कुलूप